न प्यायलेली दारू मी सोडली

मी आयुष्यात दारूचा एक थेंब प्यायलेलो नाही. हे वाक्य मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलंय, की आता म्हणताना ते माझं मलाच पाठ केल्यासारखं वाटतं. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक ठरलेलं हसू येतं. मग तो म्हणतो, "हो, हो. पण आता जपा."

हे लिहिलेलं निफाडला माझ्या व्याह्यांच्या हाती पडलं तर घोळ होईल, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधी लेकीला विचारलं. ती म्हणाली, "लिहा पप्पा. आता पुरे झालं." लिव्हरचा आजार निघाल्यावर घरी जाऊन तोंड कसं दाखवायचं या विचारात जे कुणी बसले असतील, त्यांच्यासाठी हे आहे. डॉक्टरकी मला येत नाही. माझ्याकडे फक्त जे घडलं ते आहे, आणि अजून न गेलेला राग आहे.

"किती घेता?"

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मी कोळसा विभागात होतो. शिफ्ट सुटली की आमच्यातले काही जण वाटेत थांबायचे. मीही थांबायचो, त्यांच्या बशीतले शेंगदाणे खायचो आणि ज्याला गाडी चालवता येत नसेल त्याला माझ्या स्कूटरवर घरी सोडायचो. ताडाच्या झाडाखाली बसून दूध प्यायलं तरी लोक ताडीच म्हणतात, ही म्हण मला शाळेत असतानाच पाठ होती. उपयोग काही झाला नाही.

दारूला न शिवण्याचं कारण माझे वडील. त्यांच्या पायी आईनं जे भोगलं ते मी लहानपणी रोज बघितलं. संध्याकाळी ते ओसरीवर पडलेले असायचे. आई त्यांना उचलून आत न्यायची, कुशीवर निजवायची, उशाशी पाण्याचा तांब्या आणि जवळ घमेलं ठेवायची आणि दार ओढून घ्यायची. कुणी विचारलं तर सांगायची, "मळ्यात गेल्यात." हे सगळं ती भाकरी थापावी तितक्या सहज करायची. पुढे ते गेले. आमच्या घरानं गावाला सांगितलं, काविळीनं गेले. काय पिऊन गेले हे गावाला चांगलं माहीत होतं, पण गावानंही माना डोलावल्या. आई आजही काविळीनंच म्हणते.

माझं दुखणं थकव्यापासून सुरू झालं. मग अंगाला खाज सुटली, मग डोळे पिवळे झाले. जेल रोडला आमच्या घराजवळ एक डॉक्टर आहेत. सोनोग्राफीचा रिपोर्ट वाचून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"किती घेता?"

"घेत नाही."

"आधी किती घ्यायचात?"

"कधीच नाही घेतली."

त्यांनी रिपोर्ट मिटून टेबलावर ठेवला. मग मला सोडून त्यांनी माझ्या बायकोकडे, सुनंदाकडे बघितलं. "ताई, बंद करायला लावा. लिव्हर आकसायला लागलंय."

रिक्षात सुनंदा रिपोर्टची पिशवी मांडीवर धरून बसली होती. बिटको चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा तिनं हळूच विचारलं, "खरंच नाही ना?" इतक्या वर्षांच्या संसारानंतर हा प्रश्न मी बायकोच्या तोंडून ऐकला. मी "नाही" म्हणालो आणि त्या दिवशी जेवलो नाही. राग अन्नावर काढला, कारण दुसऱ्या कुणावर काढता येत नव्हता.

त्या डॉक्टरांनी पुढे लिव्हरच्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी बरंच रक्त घेतलं, सुईनं लिव्हरचा तुकडाही घेतला. रिपोर्ट यायला वेळ होता. आणि तेवढ्यात माझ्या लेकीच्या लग्नाची बैठक ठरली.

बैठक

आमच्याकडे मुलामुलीची पसंती झाली की दोन्हीकडची मोठी माणसं बसून बोलणी करतात, ती बैठक. ऋतुजानं आणि निखिलनं एकमेकांना आधीच पसंत केलं होतं. तो निफाडकडचा, घरची द्राक्षबाग, स्वतः इंजिनियर. नाव ठेवायला जागा नव्हती. आता फक्त आम्ही मोठ्यांनी चारचौघांत हो म्हणायचं होतं.

त्या आठवड्यात माझं पोट साफ होत नव्हतं. दिवसा पेंग यायची आणि रात्री टक्क डोळे उघडे. शर्टाची बटणं वरखाली लागायची. आमच्या घरात त्याला सगळे हसले. "लग्न पोरीचं आणि लगबग बापाला," असं सुनंदाचा भाऊ सुरेश म्हणाला. पोट साफ न होण्याला कोण आजार म्हणतो? मीही म्हटलं नाही.

बैठकीच्या सकाळचं मला एवढंच आठवतं, की दारातल्या रांगोळीवर माझा पाय पडला आणि मला पुसायला खाली वाकता येईना. पुढचं सगळं मला नंतर कळलं, ज्यानं त्यानं आपापल्या सोयीनं सांगितलं तसं.

मी झुलत आत गेलो. जीभ जड झाली होती. पाहुणे आलेच असं समजून "या बसा" म्हणायला गेलो, ते काहीतरी भलतंच बोललो आणि सोफ्याच्या कडेवरून घसरलो. नशिबानं पाहुणे अजून जिन्यात होते. सुनंदानं मला सावरताना तोंडाशी नाक नेलं. गोडसर, कुबट असा वास आला. तिला दारूचा वास कसा असतो ते माहीत नव्हतं. पण वास आला, एवढं तिला पुरलं. तिनं आईकडे बघितलं.

आई म्हणाली, "तू जा पाव्हन्यांकडं. याचं मी बघते."

आणि आईनं बघितलं. मला आतल्या खोलीत नेऊन कुशीवर निजवलं. उशाशी तांब्या ठेवला. घमेलं आता घरात नाही, म्हणून प्लास्टिकची बादली ठेवली. लिंबू पिळून दोन चमचे तोंडात घातले. दार ओढून घेतलं. बाहेर येऊन पाहुण्यांना सांगितलं, "कामावरनं तातडीचं बोलावणं आलं, तिकडं गेलाय. येईल येवढ्यात."

निखिलचे वडील हात धुवायला आत आले, तेव्हा दाराच्या फटीतून त्यांना माझे पाय दिसले आणि घोरणं ऐकू आलं. माणूस सभ्य.  पोहे खाल्ले, चहा घेतला, "कळवतो" म्हणाले आणि गेले. मी तेवढा वेळ बेशुद्धीकडे निघालो होतो, आणि भिंतीपलीकडे माझी माणसं पाहुण्यांना अजून थोडे पोहे वाढत होती.

पाहुणे गेल्यावर ऋतुजा तावातावानं खोलीत आली. मला चार शब्द सुनवायचे असं ठरवूनच आली होती, हे तिनंच मला सांगितलं. तिनं हलवलं, हाका मारल्या, चिमटा काढला. मी डोळे उघडेना. अंथरूण ओलं झालं होतं. आई दारातून म्हणाली, "निजू दे त्याला. सांजपर्यंत उतरंल."

ऋतुजानं ऐकलं नाही. सुरेशला गाडी काढायला लावली. दवाखान्यात आधी त्यालाच विचारलं काय झालं, तेव्हा तो म्हणाला, "जरा जास्त झालीय." ते माझ्या केसपेपरवर गेलं, आणि ती दारू त्या केसपेपरवरून पुढे कितीतरी दिवस उतरली नाही.

कुणी लिव्हरचा पेशंट असेल, आणि तो अडखळायला लागला, दिवसा झोपायला लागला, असंबद्ध बोलायला लागला, तर त्याला निजवू नका. त्याला लिंबूपाणी पाजू नका. गाडी काढा. एवढं एक वाक्य कुणाच्या लक्षात राहिलं तरी मला हे लिहिल्याचं समाधान आहे.

नाका

शुद्धीवर आलो तेव्हा एक डॉक्टर मॅडम विचारत होत्या, "काका, आज वार कोणता?" मी म्हणालो, "बैठकीचा." त्या हसल्या नाहीत. शंभरातून सात वजा करायला सांगितले. मला शंभरच सापडेना.

मग एनिमा. मग एक गोडमिट्ट सिरप, ज्यानं दिवसातून दोनतीनदा पोट साफ व्हायलाच हवं. माझी सगळी अब्रू आता शौचावर येऊन थांबली होती. सकाळी राउंडला चार डॉक्टर कॉटभोवती उभे राहायचे आणि पहिला प्रश्न तोच. बायको, लेक, मेव्हणा, सगळ्यांसमोर मी आकडा सांगायचो. लाज पहिल्या दोन दिवसांतच संपली. संपते, घाबरू नका.

पण दुसरी लाज संपत नव्हती. ड्यूटी बदलली की नवी सिस्टर यायची, सलाइन लावता लावता म्हणायची, "आता तरी सोडा हो काका." भेटायला येणारे नातेवाईक शहाळं आणायचे आणि जाताना खांद्यावर हात ठेवून हलक्या आवाजात तेच सांगायचे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण त्या संन्याशाला निदान वर शहाळं तरी पाजत नसतील.

माझ्यावर पहिल्या दिवसापासून विश्वास ठेवला तो एकाच माणसानं. शेजारच्या कॉटवर नांदगावचा एक कांद्याचा व्यापारी होता, पोट फुगून नगाऱ्यासारखं झालेलं. तो खरोखर पिऊन आला होता आणि ते सरळ सांगायचा. मी माझं वाक्य म्हटलं, तेव्हा तो हसला. "मानलं. पिणारा कधीच 'कधीच नाही' म्हणत नाय. तो म्हणतो, कधीकधी." मग म्हणाला, "खाया पिया कुछ नहीं, गिलास तोडा बारा आना. मी निदान खाऊनपिऊन तरी आलो, भाऊ." एका सकाळी उठलो तर त्याच्या कॉटवर नवी चादर होती. 

रिपोर्ट आले त्या दिवशी मॅडमनी घरच्या सगळ्यांना बोलावलं. आई स्टुलावर पदर सावरून बसली होती. मॅडमनी सोप्या भाषेत सांगितलं. आपल्या सगळ्यांच्या आतड्यात असंख्य जंतू राहतात. त्यातले बहुतेक कामाचे असतात. अन्न कुजवताना ते अमोनियासारखे विषारी पदार्थही तयार करतात. आतड्यातून निघालेलं रक्त आधी लिव्हरच्या नाक्यावर येतं, तिथं तपासणी होते, विष काढून घेतलं जातं, मग रक्त पुढे जातं. "तुमचा नाका मोडलाय, काका. माल तसाच मेंदूपर्यंत गेला. त्यात पोट साफ नव्हतं, म्हणजे माल साठलेला. म्हणून तुम्ही झुलत होता. श्वासाला वासही त्यामुळंच."

सुनंदानं खाली बघितलं.

"पण नाका मोडला कशानं?" ऋतुजानं विचारलं.

"शरीराच्या पहारेकऱ्यांनी मोडला. आपली प्रतिकारशक्ती बाहेरच्या जंतूंशी लढते. यांची यांच्याच लिव्हरला शत्रू समजून बसलीय. आतड्याचं अस्तर, आतले जंतू आणि हे पहारेकरी, यांचं आपसांत काहीतरी बिनसतं, असं दिसतंय. पण आधी कोण बिघडलं, ते नक्की कुणालाच सांगता येत नाही."

आईनं मान वर केली. ती म्हणाली, "म्हंजी कुंपणानंच शेत खाल्लं."

"अगदी तसंच, आजी. आणि यात दारूचा काहीही संबंध नाही."

 मला वाटलं होतं हे वाक्य ऐकून मी सुटेन, रडेन, काहीतरी होईल. झालं एवढंच, की मला भयंकर राग आला. निर्दोष सुटलेल्या माणसाला आधी तुरुंगातले दिवस आठवत असणार.

सुनंदा रडली. म्हणाली, "मी तुमच्या आईकडे बघितलं. म्हटलं, त्यांना कळतं यातलं."

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी वास घेतलाच नाय. चाल बघितली आन् दार लावलं."

आमच्या घरात दारूचा वास ओळखणारं एकच नाक होतं. ते नाक माझ्याजवळ आलं असतं तर त्याच क्षणी कळलं असतं, की हे काहीतरी वेगळं आहे. ते आलं नाही, कारण त्याला यायची गरजच वाटली नाही. आईनं माझी सेवाच केली होती, आणि चांगली केली होती. ती तिनं माझी समजून केली नाही, एवढंच.

घरी

घरी आल्यावर, त्या पहारेकऱ्यांना आवरायला दिलेल्या स्टेरॉइडनं तोंड सुजलं, साखर वाढली. आरशात एक गुबगुबीत अनोळखी गृहस्थ दिसायचा आणि सुरेशच्या मते तो "पिणाऱ्यासारखाच" दिसायचा. आई रोज सकाळी चहाबरोबर विचारायची, "झालं का पोट साफ?" आणि मी हो म्हटल्याशिवाय कप हातात द्यायची नाही. ऋतुजा ऑफिसला निघताना मला वार उलटे म्हणायला लावायची. रविवार, शनिवार, शुक्रवार. एखाद्या दिवशी मी मुद्दाम बुधवार गाळायचो. तिचा चेहरा पांढरा पडायचा, मग मी हसायचो. वाईट थट्टा होती. पण त्या घरात थट्टा करण्याइतपत मी शिल्लक आहे, हे मला कुणाला तरी दाखवायचं होतं.

माझा जीव वाचला होता. ऋतुजाचं लग्न मात्र त्या "कळवतो" वर लटकलं होतं.  फोन वाजला की ती गच्चीत जायची आणि परत यायची तेव्हा डोळे लाल असायचे.

मग एका रविवारी सुरेश निरोप घेऊन आला. निफाडची मंडळी तयार होती.

"ते म्हणाले, भाऊजी, घेतात सगळीकडे. आमच्याकडेही घेतात. माणूस वाईट नाही. फक्त आता सोडली का, तेवढं समोर बसून सांगावं."

मी म्हणालो, "समोर बसून रिपोर्टच दाखवतो."

"ते अजिबात करू नका." सुरेश खुर्ची पुढे ओढून बसला. "प्रतिकारशक्ती, रक्तातला दोष, असलं काही काढू नका. दारू माणसाची असते, भाऊजी. रक्त खानदानाचं असतं. उद्या म्हणतील, पोरीच्या अंगातही असेल. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"म्हणजे मी दारुडा होतो असं सांगू?"

"होतो नाही. सोडली, असं सांगा."

मी ऋतुजाकडे बघितलं. ती म्हणाली, "निखिलला मी सगळं खरं सांगितलंय. रिपोर्ट पाठवलेत. त्याला काही अडचण नाही. पण तोही म्हणतो, घरी नको सांगायला." मग ती माझ्याजवळ येऊन बसली. "तुम्हाला नको असेल तर नका म्हणू, पप्पा. खरंच. लग्न राहू दे."

ती खरंच म्हणत होती. तेच तर वाईट होतं.

मी आईला विचारलं, "तू काय म्हणतेस?" आईनं भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे बघितलं. म्हणाली, "मी काय सांगू? मी लय वर्षं लोकाला दुसरंच सांगत आले."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि तो अमोनियाचा नव्हता. वडील दारूनं गेले, तर घरानं सांगितलं काविळीनं. मला कावीळ झाली, तर घर म्हणतंय दारू सांग. आमच्या घराला खरं कधी परवडलंच नव्हतं.

निफाड

निखिलच्या घरी ओसरीवर सतरंज्या टाकल्या होत्या. पलीकडे बागेत छाटणी चालू होती. बोलणी सुरू व्हायच्या आधी निखिलचे वडील माझ्या शेजारी येऊन बसले, गुडघ्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं पण मायेनं विचारलं, "तब्येत काय म्हणती? आन् ते... बंद केलं ना?"

निखिल दारात उभा होता. त्यानं मान खाली घातली. ऋतुजा आत बायकांमध्ये होती. आई खांबाला टेकून बसली होती आणि माझ्याकडे टक लावून बघत होती.

मी म्हणालो, "सोडली."

"कायमची?"

"कायमची. आता थेंबही नाही."

ओसरीवरची सगळी माणसं हलली. कुणीतरी "वा" म्हणालं. व्याह्यांनी पाठीवर थाप मारली. "सोडणं सोपं नसतं. मी बघितल्यात भलेभले. तुम्ही करून दाखवलं." आयुष्यभर मी दारू प्यायलो नाही, तेव्हा कुणी मला शाबासकी दिली नव्हती. न प्यायलेली सोडली, तर अख्ख्या बैठकीनं कौतुक केलं. मी हात जोडले. चहा आला. त्यांनी माझ्या कपात साखर कमी टाकायला सांगितलं, लिव्हरला जपायला हवं म्हणून.

लग्न ठरलं. लग्न झालं. ऋतुजा सुखात आहे आणि निखिल चांगला मुलगा आहे. व्याह्यांच्या घरी आजही मी गेलो की माझ्यासमोर कुणी बाटली काढत नाही. त्यांच्या दृष्टीनं तो माझा मान आहे.

त्या दिवशी परत येताना सुनंदा पुढे सुरेशजवळ बसली होती, मी आणि आई मागे, कडेला खिडकीशी ऋतुजा.  मला वाटलं आई आता माझी माफी मागेल, किंवा निदान म्हणेल, तुला बोलायला लावलं ते बरोबर नाही झालं. मी वाट बघत होतो. खोटं कशाला सांगू, मला ते हवं होतं.

आईनं माझा हात हातात घेतला. तिचे डोळे भरले होते, पण दुःखानं नव्हे.

"तुझ्या बापाला लय विनवलं होतं," ती म्हणाली, "चार माणसांत एकदा तरी म्हना, सोडली म्हनून. त्यांनी कधी म्हटलं नाय. तू म्हनलास."